बायबलमधले संवाद कुणी ऐकले, कुणी लिहिले आणि किती जपले गेले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करत होता तेव्हा शिष्य झोपले होते. रोमी सुभेदार पिलाताने त्याला आत नेऊन विचारपूस केली तेव्हा तिथे एकही शिष्य नव्हता. निकदेम हा यहूदी पुढारी तर रात्रीचा एकटाच आला. मग ही बोलणी इतकी नेमकी लिहिली कुणी, आणि ती आजवर जशीच्या तशी राहिली हे कशावरून?

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. बोलणं झालं तेव्हापासून ते लिहिलं जाईपर्यंत किती टिकलं, हा एक. लिहिल्यानंतर नकला होत होत आपल्या हातात येईपर्यंत किती टिकलं, हा दुसरा. वादात दोन्ही बाजू इथेच गल्लत करतात. श्रद्धावान माणूस पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर देतो: "हजारो हस्तलिखितं आहेत." असतील, पण त्यावरून निकदेम त्या रात्री आला होता हे ठरत नाही. शंका घेणारा उलट बाजूने तेच करतो आणि नकलेतली एखादी चूक दाखवून संवादच बनावट ठरवतो. दोन्ही प्रश्न सुटे ठेवले की निम्मा गुंता तिथेच सुटतो. उरलेला निम्मा मात्र प्रत्येक संवादागणिक वेगळा सोडवावा लागतो. सगळ्या बायबलला मिळून एकच उत्तर देणाऱ्यापासून जरा सावध राहा, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

आधी अपेक्षा ठरवून घेऊ. वधस्तंभावरच्या पाटीचं उदाहरण घ्या. हे बोलणं नाही, लेखी मजकूर आहे, आणि तोही भर रस्त्यावर लोकांनी वाचावा म्हणून लावलेला. येशूचं चरित्र सांगणारी मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशी चार शुभवर्तमानं आहेत. मार्कमध्ये तो "यहूद्यांचा राजा" इतकाच आहे. लूकमध्ये "हा यहूद्यांचा राजा", मत्तयमध्ये "हा यहूद्यांचा राजा येशू", योहानात "नासरेथकर येशू, यहूद्यांचा राजा". गाभा एकच, शब्द चार तऱ्हांचे. योहान म्हणतो की पाटी तीन भाषांत होती, म्हणून तीन मजकूर असतील, असं समर्थन कधी कधी ऐकू येतं. पण शुभवर्तमानं चार आहेत, आणि असला खुलासा देण्याची गरज त्या लेखकांना स्वतःला वाटलेली दिसत नाही. डोळ्यांनी वाचता येणाऱ्या पाटीच्या बाबतीत त्यांना एवढी मोकळीक चालत असेल, तर तोंडी बोलण्याची शब्दन् शब्द नोंद करण्याचा त्यांचा दावाच नाही, हे मान्य करून पुढे जावं लागतं.

याहून बोलकं उदाहरण येशूनंतरची हकीकत सांगणाऱ्या प्रेषितांच्या कृत्यांत आहे. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर पौलाला, म्हणजे आधी शिष्यांचा छळ करणाऱ्या शौलाला, झालेलं येशूचं दर्शन त्या एकाच पुस्तकात, एकाच लेखकाने तीनदा दिलं आहे: अध्याय ९, २२ आणि २६. तिन्ही उतारे शेजारी ठेवून वाचा. नवव्या अध्यायात सोबत्यांना आवाज ऐकू येतो पण कुणी दिसत नाही. बाविसाव्यात त्यांना उजेड दिसतो पण आवाज ऐकू येत नाही. नवव्यात पौलाच्या कामगिरीची गोष्ट प्रभू दिमिष्कातल्या हनन्या या शिष्याला सांगतो. सव्विसाव्यात हनन्या गायब आहे आणि येशू ती कामगिरी थेट पौलालाच सांगतो. "पराणीवर लाथ मारणं तुला कठीण" हे वाक्य अग्रिप्पा राजासमोरच्या भाषणात, म्हणजे सव्विसाव्यात येतं. पराणी म्हणजे बैल हाकायची टोचणी. आधीच्या दोन ठिकाणी हे वाक्य नाही. आता काय बदललं नाही ते पाहा. "शौला, शौला, माझा छळ का करतोस?" "प्रभू, तू कोण?" "ज्याचा तू छळ करतोस तो येशू मी." ही तीन वाक्यं तिन्ही ठिकाणी आहेत, बाविसाव्यात फक्त "नासरेथकर" एवढा शब्द जास्त.

माझ्या मते या लेखकांची अचूकतेची कल्पना इथे उघडी दिसते. संवादाचा कणा घट्ट धरायचा. भोवतालचं बोलणं ऐकणारा कोण आणि प्रसंग कोणता यानुसार आवरायचं किंवा पसरायचं. हे बायबलवाल्यांचंच खास नाही. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझ इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात स्वतःच सांगून टाकतो की भाषणांचे नेमके शब्द लक्षात ठेवणं अवघड होतं, म्हणून एकंदर आशयाला धरून, त्या प्रसंगी जे बोलणं योग्य ठरलं असतं ते आपण लिहिलं. त्या काळच्या वाचकाला यात फसवणूक वाटत नसे.

भाषेचाही एक पदर आहे. येशू लोकांशी अरामी भाषेत बोलत असे, शुभवर्तमानं ग्रीकमध्ये आहेत. म्हणजे "तलिथा कूम", "अब्बा", "एलोई, एलोई, लमा सबख्थनी" असे मोजके तुकडे सोडले तर आपल्याकडे आहेत ते मूळ शब्द नव्हेतच, पहिल्याच पायरीवर झालेला अनुवाद आहे.

आता तुमच्या प्रसंगांकडे. गेथशेमानेत शिष्य झोपले होते हे खरं, पण पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना जवळ नेलं होतं, आणि लूकच्या म्हणण्याप्रमाणे अंतर धोंड्याच्या टप्प्याइतकं होतं. त्या काळी प्रार्थना मोठ्याने करत. मार्क १४ मध्ये प्रार्थना किती मोठी आहे ते पाहा: एक ओळ. पुढे "एक तासही जागवलं नाही का" असा प्रश्न येतो, म्हणजे वेळ तर बराच गेला आहे. दुसऱ्या खेपेला मार्क शब्द देतच नाही, "तेच शब्द बोलून" एवढंच म्हणतो. तिसऱ्या खेपेला काहीच नाही. झोपण्यापूर्वी कानावर पडलेलं एखादं वाक्य टिकलं, बाकीचं टिकलं नाही, हे मजकुराच्या घडणीशी जुळतं. शिवाय इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात, शुभवर्तमानांचा आधार न घेता, येशूने मोठा आक्रोश करत व अश्रू गाळत प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे. म्हणजे त्या प्रार्थनेची आठवण एकाच माणसापुरती नव्हती.

पिलाताचं प्रकरण वेगळं. मार्क १५ मध्ये प्रश्न एकच, "तू यहूद्यांचा राजा आहेस काय?", उत्तर "तू म्हणतोस", आणि मग शांतता, पिलाताला तिचं आश्चर्य वाटतं. योहान १८ मध्ये मात्र राज्य आणि सत्य यांवर मोठी चर्चा आहे, तीही आत, वाड्यात. आरोप करणारे विटाळ नको म्हणून बाहेरच थांबलेले. साक्षीदाराचं नाव कुठेच नाही. रोमी दप्तरातली नोंद कुणी मिळवली असेल, असं काही जण सुचवतात. तशी नोंद आज उपलब्ध नाही, तेव्हा तिच्यावर इमारत बांधू नये. पण राजेपणाचा प्रश्न आणि "तू म्हणतोस" हे उत्तर चारही शुभवर्तमानांत आहे, आणि वधस्तंभावरची पाटीही त्याच आरोपाची आहे. तेवढा कणा मी भक्कम धरतो. योहानातला विस्तार ही योहानाची मांडणी समजून वाचतो.

निकदेमाच्या संवादात आणखी एक अडचण आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हं नसत, शब्दांत मोकळी जागाही नसे. निकदेम शेवटचं बोलतो ते तिसऱ्या अध्यायाच्या नवव्या वचनात. अकराव्यात अचानक "आम्ही जे जाणतो ते बोलतो, तुम्ही मानत नाही" असं अनेकवचन येतं. म्हणजे दोघांच्या बोलण्यात लेखकाच्या मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती समुदायाचा, आवाज मिसळायला लागला. प्रसिद्ध सोळावं वचन येशूचं की योहानाचं, यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि छापील बायबलात दिसणारं अवतरणचिन्ह हा अनुवादकाचा निर्णय असतो. त्यामानाने शोमरोनी स्त्रीचा संवाद सोपा. शिष्य अन्न आणायला गेले होते खरे, पण ती बाई गावभर सांगत सुटली आणि येशू तिथे दोन दिवस राहिला; बातमी पोचायला वाट होती.

राजवाड्यातल्या गोष्टींनाही अशा वाटा सापडतात. हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना शिष्यांसोबत फिरत होती (लूक ८:३), आणि अंत्युखियाच्या मंडळीत हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन होता. यहूद्यांच्या बंद दाराआडच्या महासभेत गमलियेल हा गुरू काय बोलला, हे त्याचा शिष्य असलेल्या पौलाकडून कळलं असू शकतं. पण त्याच भाषणात थुदासाच्या बंडाचा दाखला आहे, आणि यहूदी इतिहासकार योसेफस ते बंड त्या सभेनंतर दहाएक वर्षांनी झाल्याचं सांगतो. वाट होती म्हणून माल शाबूत आलाच, असं धरू नये. अरण्यात सैतानाने घेतलेल्या येशूच्या परीक्षेला तर साक्षीदार असण्याचा प्रश्नच नाही. मार्क ती दोन वचनांत, संवादाविना उरकतो. मत्तय आणि लूक तीन सवाल-जवाब देतात, दुसऱ्या-तिसऱ्याचा क्रम उलटा, आणि येशूची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली.

लिहिलं जाईपर्यंतचा काळ किती? येशूचा मृत्यू इ.स. ३० च्या सुमारास, मार्कचं शुभवर्तमान ७० च्या आसपास, योहानाचं शतकाच्या अखेरीस, असं बहुतेक अभ्यासक धरतात. मधल्या काळाचा सगळ्यात जुना नमुना पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात आहे, सुमारे ५५ सालचा. शेवटच्या भोजनातले शब्द सांगताना तो म्हणतो, जे मला मिळालं तेच मी तुम्हाला सोपवलं. गुरूचं वचन शिष्याने घेऊन पुढे देण्याची ही त्या काळची ठरलेली भाषा. आणि तरीही, मंडळीत वारंवार म्हटल्या जाणाऱ्या या शब्दांची दोन रूपं आहेत. पौल आणि लूककडे "हा प्याला माझ्या रक्तातला नवा करार", मार्क आणि मत्तयकडे "हे माझं कराराचं रक्त".

तोंडी परंपरेवर अभ्यासकांची दोन टोकं आहेत. रुडॉल्फ बुल्टमान मंडळीच्या गरजांप्रमाणे वचनं घडली असं मानतो. बिर्गेर गेरहार्डसन रब्बींच्या पाठांतराकडे बोट दाखवतो. मला दोघेही अर्धे पटतात. येशूची वचनं छोटी, जोड-ओळींची, विरोधावर उभी आहेत ("जे शेवटले ते पहिले, जे पहिले ते शेवटले"), ती पाठ राहतात. लांब संवाद तसे राहत नाहीत. मराठी वाचकाला हे समजायला लीळाचरित्र पुरेसं आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने साक्षीदारांना भेटून, नागदेवाचार्यांकडून तपासून लीळा गोळा केल्या. मूळ पोथी धाडीत गेली, शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली आणि वेगवेगळे पाठ तयार झाले. केसोबासांच्या सूत्रपाठात वचनं प्रसंगापासून सुटी होऊन राहिली. वचन टिकतं आणि प्रसंग हलतो, हे दोन्हीकडे दिसतं. मत्तय आणि लूकमध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं "अहो सापाच्या पिल्लांनो" हे भाषण पाहा. ग्रीकमध्ये साठहून अधिक शब्द, फरक अगदी दोन-तीन. पण मत्तयमध्ये ते परुशी आणि सदूकींना उद्देशून आहे, लूकमध्ये लोकसमुदायाला!

इथे एक सापळा आहे. दोन उतारे शब्दशः जुळले की लोक म्हणतात, दोन साक्षीदार मिळाले. उलट आहे. इतकं जुळणं म्हणजे दोघांपुढे एकच लेखी मजकूर होता, साक्ष एकच. जुन्या करारात, म्हणजे येशूपूर्वीच्या ग्रंथांत, याचा नमुना रब्शाकेचं भाषण. हा अश्शूरी सरदार यरुशलेमेच्या तटाबाहेर उभा राहून धमकावतो (इ.स.पू. ७०१). ऐकायला राजवाड्याचे तीन अधिकारी आहेत, त्यांत चिटणीस शेबना आणि अखबारनवीस यवाह. ते विनवतात की अरामीत बोल, नाहीतर तटावरच्या लोकांना कळेल. तो मुद्दाम यहूदी भाषेत आणखी मोठ्याने बोलतो. नोंदी ठेवणारा माणूसच हजर असलेला असा प्रसंग विरळा. हा संवाद २ राजे १८ आणि यशया ३६ मध्ये जवळजवळ शब्दशः एक आहे, पण म्हणून त्याला दुहेरी पुरावा म्हणता येत नाही. अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या स्वतःच्या कोरीव लेखात मोहीम आहे, यहूदाचा राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडल्याची बढाई आहे, खंडणीतलं तीस किक्कार (वजनाचं माप) सोनंही जुळतं (चांदीचा आकडा जुळत नाही). मोहिमेला पुरावा मिळाला. भाषणातल्या वाक्यांना नाही.

आणि यिर्मया ३६ तर प्रत्येकाने वाचावा असा. तेवीस वर्षं तोंडी सांगितलेली वचनं यिर्मया हा संदेष्टा आठवून सांगतो, त्याचा लेखनिक बारूख शाईने गुंडाळीवर लिहितो. हिवाळा आहे, राजा यहोयाकीम शेगडीजवळ बसला आहे. वाचणाऱ्याने तीन-चार रकाने वाचले की राजा लेखकाच्या सुरीने तेवढे कापून आगीत टाकतो, गुंडाळी संपेपर्यंत. मग यिर्मया सगळं पुन्हा सांगतो, आणि मजकूर स्पष्ट म्हणतो की या वेळी तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. म्हणजे दुसरी प्रत पहिलीची नक्कल नव्हती, हे ग्रंथ स्वतःच नोंदवतो. यिर्मयाच्या पुस्तकाची आजही दोन रूपं आहेत: प्रचलित हिब्रू लांब, प्राचीन ग्रीक अनुवाद सुमारे एक-सप्तमांशाने लहान, आणि मृत समुद्राजवळच्या कुमरानला त्या लहान रूपाशी जुळणारा हिब्रू तुकडाही मिळाला.

अब्राहामाची सदोमसाठी पन्नासपासून दहापर्यंतची घासाघीस किंवा ईयोब आणि मित्रांचा पद्यातला वाद यांना मी नोंदीची कसोटी लावतच नाही. राखेत बसलेला माणूस वृत्तबद्ध बोलत नाही. ती रचना आहे, तिचं मोल वेगळं.

आता दुसरा प्रश्न, नकलांचा. इथे हातात पुरावा आहे आणि तो बराच चांगला आहे. कुमरानला १९४७ मध्ये सापडलेली यशयाची सात मीटरांहून लांब गुंडाळी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरची. तिची तुलना इ.स. १००८ च्या सुमाराच्या लेनिनग्राड प्रत या हिब्रू हस्तलिखिताशी केली तर हजारेक वर्षांत शुद्धलेखनाचे असंख्य आणि आशयाचे तुरळक फरक पडलेले दिसतात. नव्या कराराचा सर्वांत जुना मानला जाणारा तुकडा मँचेस्टरला आहे, सुमारे नऊ बाय सहा सेंटिमीटरचा, बहुधा दुसऱ्या शतकातला. योगायोगाने त्यावर तुमचाच संवाद आहे, पिलात आणि येशूचा. मागच्या बाजूला "त्याला म्हणतो" एवढं शिल्लक आहे, "सत्य काय आहे?" हा प्रश्न फाटलेल्या भागात गेला.

पण संवादांतच नकलेच्या चुका ठळक दिसतात, त्याही ठरावीक जातींच्या. नजर एका शब्दावरून पुढच्या तशाच शब्दावर उडी मारते आणि मधलं गळतं: १ शमुवेल १४:४१ मध्ये शौलाची प्रार्थना हिब्रूत तुटक आहे, ग्रीकमध्ये कौल लावण्याच्या उरीम-थुम्मीमचा पूर्ण पर्याय आहे, आणि "इस्राएल" वरून "इस्राएल" वर झालेली उडी मोजून दाखवता येते. उत्पत्ती ४:८ मध्ये काइन हाबेलाला "म्हणाला", पण काय म्हणाला ते प्रचलित हिब्रूत नाहीच. शोमरोनी पंथाची प्रत आणि ग्रीक अनुवाद यांत "चल, शेतात जाऊ" आहे. कधी भर पडते: हबशी षंढाचा "मी विश्वास ठेवतो" हा जबाब (कृत्ये ८:३७) सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग योहानाच्या जुन्या प्रतींत नाही. कधी नक्कल करणारा दोन उतारे सारखे करतो: सव्विसाव्या अध्यायातली पराणी काही प्रतींतून नवव्यात शिरली. आणि दावीद-गल्याथाच्या कथेतलं थोरला भाऊ अलीयाब याचं दावीदावर खेकसणं ग्रीक अनुवादाच्या एका मुख्य जुन्या प्रतीत मुळातच नाही. तिथे नकलेची चूक नसून कथेची दोन रूपं असावीत.

पवित्र आत्मा शिष्यांना सगळ्याची आठवण करून देईल, असं योहान १४:२६ म्हणतं. ज्यांची तशी श्रद्धा आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण त्या आठवणीतूनही चार पाट्याच आल्या, तेव्हा "आठवण म्हणजे शब्दशः" असा अर्थ त्या वचनावर लादता येत नाही.

स्वतः तपासायचं असेल तर समांतर उतारे कागदावर शेजारी शेजारी लिहून काढा. सगळीकडे असलेलं अधोरेखित करा, एकाच ठिकाणी असलेलं वेगळ्या रंगात. शब्दशः जुळणारे उतारे एक साक्ष म्हणून मोजा. मग ऐकणारा कोण असू शकेल हे मजकुरातल्याच नावांवरून शोधा, बाहेरून कुणी आणून बसवू नका. "काही जुन्या प्रतींत हे आढळत नाही" अशा तळटीपा वगळू नका. सुरुवात पिलातापासून करा: आधी मार्क १५:२-५, मग मत्तय आणि लूक, शेवटी योहान १८:३३-३८. निकदेम सर्वांत शेवटी घ्या, कारण तो संवाद फक्त योहानात आहे आणि ताडून पाहायला तिथे दुसरा मजकूरच नाही.